कलम २८, पोटकलम २

मे महिना सरत आला, आंब्याच्या उरलेल्या पेट्या माळ्यावर चढल्या आणि आगोटीची कामे अंगावर आली, की कोल्हापूरच्या एका रुग्णालयाकडून आम्हा दोघांच्या नावे पत्र येते. २०१८ साली तेथे आमचे उपचार झाले. त्यातून आमची मुलगी झाली, आणि उरलेले तीन भ्रूण तेव्हापासून त्यांच्या टाकीत, द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाला ठेवलेले आहेत. जतनाचे वार्षिक शुल्क अमुक तारखेपर्यंत भरावे, एवढाच त्या पत्राचा आशय असतो, आणि इतकी वर्षे आम्ही शुल्क भरून पत्र फाइलला लावत आलो. यंदा मात्र पत्रासोबत एक छापील नमुना होता. त्यावर तीन चौकटी होत्या: जतन चालू ठेवावे, भ्रूण नष्ट होऊ द्यावेत, किंवा ते संशोधनासाठी नोंदणीकृत संस्थेस द्यावेत. तिसऱ्या चौकटीपुढे ‘संस्थेचे नाव’ असे छापून ठिपक्यांची एक ओळ मोकळी सोडली होती. ती ओळ आम्ही भरायची की रुग्णालयाने, याचा उल्लेख कुठेच नव्हता.

मी देवगड आणि कणकवलीच्या न्यायालयांत वकिली करते. माझे बहुतेक काम जमिनीचे असते: सामाईक सातबारे, वहिवाटीचे वाद, मुंबईच्या चुलत्यांनी कोणाला न विचारता विकलेले हिस्से. कागदावर ठिपक्यांची मोकळी ओळ दिसली की पुढचे भांडण तिथेच दबा धरून बसलेले असते, हे एव्हाना अंगवळणी पडले आहे. यजमानांची हापूसची बाग असल्यामुळे ‘कलम’ हा शब्द आमच्या घरात दिवसातून दहा वेळा दोन अर्थांनी फिरतो, आणि बहुतेक वेळा ज्याचा अर्थ ज्याला हवा तो त्याने घ्यावा अशी मुभा असते. नमुन्याच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘कलम २८(२)’ असे छापलेले पाहून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारले, “ही खयची जात गो?”

ही जात ‘सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) अधिनियम, २०२१’ या कायद्याची आहे. राष्ट्रपतींची मंजुरी मिळून तो जानेवारी २०२२ मध्ये अमलात आला. या पोटकलमाचा आशय असा की दात्याचे बीज किंवा भ्रूण दहा वर्षांपेक्षा अधिक काळ जतन करता येणार नाही, आणि ती मुदत संपल्यावर ते एक तर नष्ट होऊ द्यावे लागेल किंवा संबंधित जोडप्याच्या संमतीने, या कायद्याखाली नोंदलेल्या संशोधन संस्थेस संशोधनासाठी देता येईल. आमचे भ्रूण कायद्याच्या आधीचे आहेत. तेव्हा दहा वर्षे २०१८ पासून मोजायची की २०२२ पासून, या मुद्द्यावर एखादी तारीख मी आनंदाने लढवीन, पण तो आजचा विषय नाही. आजचा विषय आहे तो तिसऱ्या चौकटीचा, कारण मानवी भ्रूणाच्या मूलपेशींवरील संशोधनाला कायद्याचा पाठिंबा म्हणतात तो आपल्याकडे प्रत्यक्षात या एका ओळीत उतरलेला आहे.

गर्भधारणेसाठी प्रयोगशाळेत तयार केलेला भ्रूण पाचव्या-सहाव्या दिवशी शंभर ते दोनशे पेशींचा एक पोकळ गोळा असतो, साध्या डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढा भासेल असा. बाहेरच्या थरातून पुढे वार तयार होते. आतल्या बाजूला चिकटलेला जो पेशींचा लहानसा पुंजका असतो, त्याच्यातून सगळे शरीर घडते. तो पुंजका वेगळा काढून योग्य द्रावणात वाढवला, तर त्या पेशी आपले मूळपण न सोडता वर्षानुवर्षे विभागत राहतात, आणि हवे तसे संकेत दिले तर हृदयाच्या, मज्जेच्या, स्वादुपिंडाच्या पेशी बनू शकतात. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या जेम्स थॉमसन यांनी १९९८ साली मानवी भ्रूणापासून अशा पेशी पहिल्यांदा वेगळ्या काढून वाढवल्या. मूलपेशी म्हणजे स्टेम सेल हे आता वर्तमानपत्र वाचणाऱ्याला ठाऊक असते. ‘भ्रूणीय’ या विशेषणाचे वजन मात्र सहसा लक्षात येत नाही. पुंजका काढला की तो भ्रूण उरत नाही. सगळा कायदा, सगळा वाद आणि सगळी राजकारणे या एका वाक्यातून निघाली आहेत.

कोकणात राहणाऱ्याला यातला अर्धा भाग समजावून सांगावा लागत नाही. हापूसच्या कोयीपासून हापूस होईलच अशी खात्री नसते, ते रायवळ निघते. म्हणून मातृवृक्षाची काडी घेऊन कोयीच्या रोपावर बांधतात, आणि अशी पिढ्यान्पिढ्या बांधलेली हजारो कलमे मूळ झाडाचीच प्रत असतात. थॉमसन यांच्या पहिल्या पाच पेशीमालिकांपैकी काही आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवल्या जातात, त्याही याच अर्थाने एकेका भ्रूणाच्या काड्या आहेत. इथपर्यंत ही तुलना मला आवडते. यापुढे ती ताणली की तुटते, कारण काडी कापल्याने मातृवृक्ष मरत नाही, आणि आंब्याच्या झाडाला कोणी कधी संमती विचारलेली नाही.

या विषयाशी माझा संबंध फक्त या लिफाफ्यापुरता असता तर मी शुल्क भरून मोकळी झाले असते. माझे वडील कुडाळला पोस्टमास्तर होते. त्यांची सही ऐटदार होती, शेवटच्या अक्षराखाली डावीकडून उजवीकडे एक लांब रेघ, आणि त्या रेघेवर दोन टिंबे. निवृत्तीनंतर पाच-सहा वर्षांनी बँकेतून पैसे काढण्याची पावती सही जुळत नाही म्हणून परत आली. त्यांना तो अपमान वाटला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या पडताळलेल्या माणसाला तो वाटणारच. घरी येऊन मी गेल्या तीन वर्षांच्या पावत्यांची अर्धपत्रे एकाखाली एक लावली, तेव्हा दिसले की सही दर वर्षी थोडी लहान होत आली आहे, अक्षरे एकमेकांच्या अंगावर सरकली आहेत आणि खालची रेघ तर केव्हाच गळून पडली आहे. हाताचा कंप त्यानंतर आठ महिन्यांनी आला. न्यूरॉलॉजिस्टने त्यांना एक वाक्य लिहायला आणि एक शंखासारखा चक्राकार काढायला सांगितला, आणि कागद हातात घेऊन बराच वेळ काही बोलले नाहीत.

कंपवात म्हणजे पार्किन्सन्समध्ये मेंदूच्या तळाशी असलेल्या, डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. लेव्होडोपाच्या गोळ्या त्या रसायनाची उणीव भरून काढतात, पण पेशी परत आणत नाहीत, आणि काही वर्षांनी एका गोळीचा परिणाम दुसऱ्या गोळीपर्यंत पुरत नाही. मेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी बसवता येतील का, हा प्रश्न त्यामुळे या आजारात अगदी स्वाभाविकपणे उभा राहतो. एप्रिल २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दोन चाचण्यांचे निष्कर्ष एकाच वेळी आले. अमेरिका-कॅनडातल्या चाचणीत बारा रुग्णांच्या मेंदूत मानवी भ्रूणीय मूलपेशींपासून तयार केलेल्या पेशी बसवल्या होत्या. क्योटोच्या चाचणीत सात रुग्ण होते, आणि त्यांच्यासाठीच्या पेशी प्रौढ माणसाच्या पेशींना मागे वळवून मूलपेशी बनवण्याच्या पद्धतीने तयार केल्या होत्या. दोन्हींचा मुख्य हेतू सुरक्षितता तपासण्याचा होता, आणि त्या बाबतीत निष्कर्ष समाधानकारक होते. हे उपचार नव्हेत, उपचाराच्या वाटेवरचे पहिले मैलाचे दगड आहेत. मधुमेहाच्या पहिल्या प्रकारात गाडी थोडी पुढे गेली आहे: जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मूलपेशींपासून बनवलेल्या स्वादुपिंडाच्या पेशींची पूर्ण मात्रा मिळालेल्या बारा रुग्णांपैकी दहा जणांना वर्षाअखेरीस बाहेरून इन्सुलिन घ्यावे लागत नव्हते. त्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे मात्र चालू ठेवावी लागतात.

बाबा गेले त्याला आता तीन वर्षे झाली. हे निष्कर्ष त्यांच्या कामाचे नव्हते, आणि आणखी दहा वर्षे ते कोणा सामान्य रुग्णाच्या कामाचे असतील असेही मी म्हणणार नाही. परंतु मागे वळवलेल्या पेशी मिळू लागल्यावर भ्रूणाची गरजच काय, असे म्हणणाऱ्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या पेशींवर ती किमया करून दाखवली, त्यासाठी २०१२ साली त्यांना जॉन गर्डन यांच्यासह नोबेल मिळाले. पण आपण मागे वळवलेली पेशी खरोखरच मूळपदाला पोहोचली की नाही, हे ठरवायला मूळ कसे असते ते आधी माहीत असावे लागते. ते भ्रूणीय पेशींनी शिकवले. मोजपट्टी कोणती हे ठरवणारा कागद आणि मोजणी करणारा कागद यांत फरक असतो, हे जमिनीच्या वकिलाला कोणी सांगायला नको.

आता कायद्याकडे वळते. या विषयात सर्वांत मोठा आवाज अमेरिकेचा झाला, म्हणून आपल्याकडेही अनेकांची समजूत आहे की तिथे हे संशोधन बंद होते आणि मग कोणीतरी ते उघडले. तसे झाले नाही. तिथे खासगी पैशाने हे संशोधन करायला केंद्रीय कायद्याने बंदी नव्हती; भांडण होते ते सरकारी तिजोरीचे. १९९६ पासून दर वर्षी अर्थसंकल्पाच्या विधेयकाला जोडली जाणारी डिकी-विकर दुरुस्ती सांगते की ज्या संशोधनात मानवी भ्रूण नष्ट होतो, त्यासाठी आरोग्य खात्याचा पैसा वापरता येणार नाही. ९ ऑगस्ट २००१ रोजी अध्यक्ष बुश यांनी मधला मार्ग काढला: त्या तारखेच्या आधी तयार झालेल्या पेशीमालिकांवर सरकारी अनुदान चालेल, नंतरच्या नाही. भ्रूण तर आधीच गेलेले आहेत, असा त्यामागचा तर्क. सुरुवातीला साठाहून अधिक मालिका असल्याचे सांगितले गेले, प्रत्यक्षात एकवीस उपयोगी पडल्या. त्या यादीत मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या सात आणि बंगळूरच्या राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्राच्या तीन मालिका होत्या, हे आज फार थोड्यांना आठवते.

मग माइक कॅसल आणि डायना डीगेट या दोन विरुद्ध पक्षांच्या सदस्यांनी एक विधेयक आणले. मी त्याचा मसुदा वाचला तेव्हा त्याच्या आटोपशीरपणाचे कौतुक वाटले. भ्रूण वंध्यत्वाच्या उपचारासाठीच तयार झालेला असावा. तो उपचाराच्या गरजेपेक्षा अधिक ठरलेला असावा. तो कोणत्याही स्त्रीच्या गर्भाशयात सोडला जाणार नाही आणि अन्यथा टाकूनच दिला जाईल, हे जोडप्याशी बोलून निश्चित झालेले असावे. त्यांनी लेखी संमती दिलेली असावी आणि त्यासाठी त्यांना पैसा किंवा अन्य आमिष दिलेले नसावे. या अटी पाळल्या तर तारीख कोणतीही असो, सरकारी अनुदान मिळेल. मे २००५ मध्ये ते प्रतिनिधिगृहात २३८ विरुद्ध १९४ मतांनी आणि १८ जुलै २००६ रोजी सिनेटमध्ये ६३ विरुद्ध ३७ मतांनी मंजूर झाले. दुसऱ्याच दिवशी बुश यांनी नकाराधिकार वापरला, आणि पाच वर्षांहून अधिक काळ अध्यक्षपदावर असूनही तो त्यांचा पहिलाच नकाराधिकार होता. त्या वेळी व्यासपीठावर त्यांच्यासोबत दुसऱ्या जोडप्यांचे गोठवलेले भ्रूण दत्तक घेऊन जन्मलेली मुले उभी केली होती. २००७ मध्ये विधेयक पुन्हा आले, पुन्हा नाकारले गेले. शेवटी ९ मार्च २००९ रोजी अध्यक्ष ओबामा यांनी आदेश काढून ती तारखेची भिंत पाडली. विधिमंडळाने दोनदा मंजूर केलेली गोष्ट शेवटी कायद्याने झाली नाही, एका सहीने झाली. आणि जे सहीने होते ते दुसऱ्या सहीने जाऊ शकते, ही टांगती तलवार त्या क्षेत्रावर कायम राहिली. २०१० मध्ये एका जिल्हा न्यायाधीशांनी त्या अनुदानाला काही काळ स्थगितीही दिली होती. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २००४ सालीच स्वतःच्या राज्यापुरते तीन अब्ज डॉलर मंजूर करून टाकले होते, तो शहाणपणा या पार्श्वभूमीवर उठून दिसतो.

त्या मुलांच्या छायाचित्राकडे मी बराच वेळ पाहिले आहे, आणि ते मला निव्वळ नाटक वाटत नाही. माझी मुलगी दारात सायकल फिरवते तेव्हा, तिच्याच वेळी तिच्यासारखेच तीन ठिपके टाकीत गेले होते, हा विचार कधीतरी येतोच. ज्यांना त्या ठिपक्यांत मूल दिसते त्यांना मी अडाणी म्हणणार नाही. पण त्याच अमेरिकेत गर्भपाताचे कट्टर विरोधक असलेले सिनेटर ऑरिन हॅच या विधेयकाच्या बाजूने उभे राहिले होते; आयुष्याची सुरुवात आईच्या उदरात होते, शीतकपाटात नाही, अशा आशयाची त्यांची भूमिका होती. टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली एका घटस्फोटाच्या खटल्यात ठरवले की गोठवलेला भ्रूण व्यक्ती नाही आणि मालमत्ताही नाही, तो या दोहोंच्या मधला, विशेष आदराला पात्र असा आहे. उलट अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये असे भ्रूण एका कायद्यापुरते ‘मूल’ ठरवले, तेव्हा तिथल्या रुग्णालयांनी घाबरून उपचारच थांबवले आणि विधिमंडळाला तीन आठवड्यांच्या आत संरक्षण देणारा कायदा करावा लागला.

आमच्या सासूबाईंनी हा सगळा इतिहास न वाचता तोच प्रश्न विचारला. नमुना जेवणाच्या टेबलावर पडलेला होता, त्या कोकमे फोडत बसल्या होत्या, आणि लाल झालेली बोटे वर धरून म्हणाल्या, “गो, ती थंय बर्फात ठेवलली, ती आमचीच मां?” मी हो म्हणाले. नंतर रात्री लक्षात आले की आपल्या कायद्याने ‘आमची’ हा शब्द कुठेच वापरलेला नाही. मालकी तो कोणाला देत नाही. तो फक्त संमती मागतो. दोघांपैकी कोणी मरण पावल्यास किंवा अक्षम झाल्यास भ्रूणाचे काय करावे, याची लेखी सूचना घेतल्याशिवाय ते गोठवता येत नाहीत, आणि भ्रूण गर्भाशयात सोडण्यापूर्वी दोघांपैकी कोणालाही संमती मागे घेता येते. सामाईक सातबाऱ्यावर एका हिस्सेदाराच्या सहीवाचून खोळंबलेली कामे पाहण्यात माझे निम्मे आयुष्य गेले आहे. दोन सह्यांची ही अट मला त्यामुळे परकी वाटत नाही.

आपला कायदा कशाला भिऊन लिहिला गेला हे त्याच्या शिक्षांवरून कळते. अमेरिकेत भांडण आयुष्य केव्हा सुरू होते यावर झाले, आपल्याकडे ते बाजारावर झाले. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला आणि केंद्राचा १९९४ साली आला. नंतर भाड्याच्या गर्भाशयांचा धंदा बोकाळला. स्त्रीबीज देणाऱ्या मुलींच्या शोषणाच्या बातम्या आल्या. म्हणून २०२१ च्या कायद्यात भ्रूणाची विक्री करणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी पाच ते दहा लाख रुपये दंड आहे, आणि पुन्हा केल्यास तीन ते आठ वर्षे कैद. संशोधनासाठी बीज किंवा भ्रूण भारताबाहेर पाठवणे कलम ३० ने पूर्णपणे निषिद्ध केले आहे. हे सारे योग्यच आहे. दारिद्र्य आणि दलाल जिथे शेजारी राहतात तिथे कुलूप आधी लावावे लागते. मात्र त्याच कलमात देशांतर्गत संशोधनाबद्दल जे वाक्य आहे ते एवढेच, की असे संशोधन ‘विहित करण्यात येईल अशा नमुन्यात व अशा रीतीने’ करावे.

‘विहित करण्यात येईल अशा रीतीने’ हे शब्द कायद्याच्या भाषेत फार सोयीचे असतात. ज्याचा निर्णय विधिमंडळाला करायचा नसतो ते नियमांवर सोपवण्यासाठी ते वापरतात, आणि कित्येकदा त्याला पर्यायही नसतो. परंतु २८(२) मध्ये ‘या अधिनियमाखाली नोंदणी झालेली संशोधन संस्था’ असे म्हणून झाल्यावर नोंदणीचे प्रकरण उघडावे, तर ते प्रजनन क्लिनिके आणि बीजपेढ्या यांच्याभोवती रचलेले आढळते. संशोधन संस्थेने कोणत्या दारातून आत यावे हे त्या प्रकरणात शोधावे लागते. आमच्या नमुन्यावरची ठिपक्यांची ओळ मोकळी का, याचे उत्तर मला तिथे मिळाले.

ब्रिटनचा १९९० चा कायदा यासमोर ठेवून पाहावा. मेरी वॉर्नॉक या तत्त्वज्ञ बाईंच्या समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला आणि त्यात मर्यादा घातली, की प्रयोगशाळेतला भ्रूण चौदा दिवसांपुढे वाढवायचा नाही; त्या सुमारास त्यात शरीराच्या अक्षाची पहिली रेघ उमटते आणि त्यानंतर एकाचे दोन होऊ शकत नाहीत. ही मर्यादा पुढे अनेक देशांनी, आपणही, स्वीकारली. पण मला त्या कायद्यातले अधिक भावते ते त्याचे रोखठोक रूप: परवाना देणारे प्राधिकरण कोणते, कोणत्या हेतूंसाठी परवाना मिळेल, तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा असेल, हे सारे कायद्यातच लिहिलेले आहे. मूलपेशींच्या अभ्यासाचे हेतू २००१ मध्ये संसदेने त्यात रीतसर भरले. जर्मनीने याच्या अगदी उलट, स्वतःच्या देशात भ्रूण नष्ट करायला बंदी ठेवून, परदेशात ठरावीक तारखेआधी तयार झालेल्या पेशी आणायला २००२ मध्ये परवानगी दिली. ती तारीखही २००८ मध्ये पुढे सरकवली. मला ही तडजोड पटत नाही, दुसऱ्याच्या अंगणात कोंबडी कापून आणण्यासारखी वाटते, पण निदान संशोधकाला आपण कुठे उभे आहोत हे कळते.

आपल्याकडे ही वाट मुळीच नाही असेही नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २००७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली, २०१३ आणि २०१७ मध्ये ती सुधारली. संस्थेची स्वतंत्र समिती, तिच्यावर राष्ट्रीय शिखर समिती, अनुमत, निर्बंधित आणि निषिद्ध अशी संशोधनाची वर्गवारी, उरलेल्या भ्रूणांसाठी जोडप्याची संमती, चौदा दिवसांची मर्यादा, असे सगळे त्यात आहे. त्याच वाटेने कामही झाले आहे. देशातली वैज्ञानिक नोंद असलेली पहिली टेस्ट ट्यूब मुलगी ६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात जन्मली, डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंद कुमार यांच्या कामातून. आणि जवळच्याच राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत पुढे उपचारातून उरलेल्या भ्रूणांपासून किंड-१ आणि किंड-२ या दोन मूलपेशीमालिका तयार झाल्या. परळ म्हणजे आमच्या जिल्ह्याचे मुंबईतले गाव. गिरणीच्या काळापासून इथल्या घरटी एकाची खोली तिथे आणि एकाचे आजारपण केईएममध्ये. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू केंद्रातही अशाच दोन मालिका झाल्या. फरक इतकाच, की मार्गदर्शक तत्त्वे ही तत्त्वे असतात आणि कायदा कायदा असतो. कुलूप कायद्यात आहे, किल्ली तत्त्वांच्या पुस्तिकेत.

ही फट रिकामी राहत नाही. बाबांच्या आजारपणात दादाला कोणीतरी एका शहरातल्या केंद्राचा पत्ता दिला होता. पोटाच्या चरबीतून मूलपेशी काढून पाठीच्या कण्यात टोचतात, तीन वेळा टोचल्यावर कंप जातो, असे त्यांचे म्हणणे. दादाने घरामागची चार गुंठे जागा विकायची तयारी केली होती. मी फोन करून चाचणीच्या राष्ट्रीय नोंदणीचा क्रमांक मागितला, तेव्हा त्यांनी रंगीत पुस्तिका पाठवली. रक्ताच्या काही आजारांसाठीचे प्रत्यारोपण यांसारखे अगदी मोजके उपचार सोडले तर मूलपेशींचे उपचार चाचणीबाहेर देऊ नयेत, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेऊ नयेत, हे मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलेले आहे. २०१३ मध्ये तर त्यांच्या नावातूनच ‘उपचार’ हा शब्द काढून टाकला गेला. तरीही त्या केंद्राचा फोन लगेच लागला. प्रामाणिक संशोधकाला आमच्या तीन भ्रूणांपर्यंत पोहोचायला किती दारे ठोठवावी लागतील, आणि त्या माणसाला आमच्या चार गुंठ्यांपर्यंत पोहोचायला किती, याची तुलना मी अजून मनातून काढू शकलेली नाही.

२००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तिथे सुमारे चार लाख भ्रूण गोठवलेले आढळले होते, आणि त्यांपैकी जोडप्यांनी संशोधनासाठी दिलेले अवघे २.८ टक्के होते. बाकीच्यांपैकी बहुतेक पुढच्या मुलासाठी राखलेले होते. एवढ्या गदारोळानंतर आकडा एवढासा. पण तो मला कमी वाटत नाही, कारण ज्यांनी दिले त्यांनी विचारल्यावर, वाचून, दोघांनी सही करून दिले. विचारण्याची रीत नीट असेल तर थोडे लोक पुरतात. एका भ्रूणाची एक मालिका वर्षानुवर्षे चालते.

यजमानांचे मत काय, हे मी दोन आठवडे विचारले नाही. छतावरची कौले परतून झाल्यावर एका संध्याकाळी त्यांनीच नमुना मागून घेतला, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, आणि ते संशोधन नक्की कशाचे असेल ते आपल्याला कळवतील का, असे विचारले. नमुन्यात तसे काही नव्हते. मग आम्ही तिसऱ्या चौकटीत खूण केली, दोघांनी सह्या केल्या, आणि ठिपक्यांच्या ओळीवर मी ‘सोबतचा अर्ज पाहावा’ असे लिहिले. अर्ज एका पानाचा आहे: कलम २८(२) खाली नोंदलेल्या ज्या संस्थेस भ्रूण द्यावयाचे तिचे नाव आणि नोंदणी क्रमांक कळवावा, संस्थेच्या मूलपेशी समितीची मान्यता असल्याचे पत्र दाखवावे, संशोधनाचा हेतू मराठीत लेखी द्यावा, आणि हे मिळेपर्यंत आमची संमती अपुरी समजून जतन चालू ठेवावे. शुल्कही सोबत भरले.

फोंडाघाटातून राधानगरीमार्गे कोल्हापूरला पोहोचेपर्यंत पाऊस लागला होता. खिडकीवरच्या मुलीने नमुना घेतला, अर्ज मात्र उलटसुलट करून पाहिला. असा अर्ज आधी कोणी दिलेला नाही, म्हणाली, आणि तो कोणत्या रजिस्टरला घ्यायचा ते विचारायला आत गेली. पंधरा मिनिटांनी बाहेर येऊन तिने तो आवक नोंदवहीत चढवला, माझ्या प्रतीवर गोल शिक्का मारून पोच दिली, आणि विषयाच्या रकान्यात ‘इतर’ असे लिहिले.